टँकर भरून रोडवर आलं का ट्रॅक्टर उड्या मारते, उपाय सांगा

संत्रावाला (वरूड)

राम राम मंडळी. मायाकडं ४५ एचपीचं ट्रॅक्टर हाय, टू व्हील ड्राइव्ह, मागचे टायर १३.६-२८ अन पुढचे ६.००-१६. उन्हाळ्यात बोअर दम सोडते, मंग संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं गळू नये म्हनून बाहेरून पानी आना लागते, त्यासाठी ५००० लिटरचा दोन चाकी टँकर बनवून घेतला. पांदन रस्त्यानं काईच तरास नाई. पन डांबरी रोडले लागलो अन वरच्या गिअरात टाकलं का सुरू होते, पयले सीट हलते, मंग बोनट वर-खाली व्हाले लागते अन थोड्याच वेळात पुरं ट्रॅक्टर उड्या माराले लागते, स्टिअरिंग तं इतकं हलकं पडते का पुढची चाकं जमिनीले टेकून हायत का नाई तेच समजत नाई. ब्रेक मारला तं मागून टँकर ढुसनी देते ते वेगळंच.

गावात ज्याले इचारलं त्याचा उपाय वेगळा. एक म्हनते पुढं वजन लाव, दुसरा म्हनते मागच्या टायरात पानी भर, पंक्चरवाला म्हनते हवा कमी कर, अन टँकरवाला म्हनते माया टँकरात काईच खोट नाई तुयं ट्रॅक्टरच लहान हाय. सगळं करून पाहाचं म्हटलं तं पैसे अन टाइम दोन्ही जाईन. ज्यायनं खरंच हा तरास पाह्यला हाय त्यायनं सांगजा.

दर्यापूरचा

१५ नं चाल भाऊ, ट्रॅक्टर हाय ते, बुलेट नाई. अन पुढं बंपरले वजनं लाव. आमच्या खारपानपट्ट्यात जमिनीतलं पानी खारं, म्हनून गोड पान्यासाठी उन्हाळाभर टँकर चालते, ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरले पुढं वजन लटकलेलं दिसन तुले.

हवापाणी (हिंगणघाट)

माझं टायरचं काम आहे म्हणून टायरपासून सुरू करतो, बाकीचं दुसरे सांगतीलच.

ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) नसतात, शॉकअप नसतो, एक्सलची हाउसिंग थेट बॉडीला. म्हणजे स्प्रिंगचं सगळं काम टायरातली हवाच करते आणि टायर धक्का झेलतो पण उडी जिरवत नाही, एकदा लय लागली की ती आपोआप लवकर थांबत नाही. आता हिशोब पाहा, १३.६-२८ चा घेर साधारण चार मीटरच्या वर, २५ च्या स्पीडला चाकाचे सेकंदाला पावणेदोनच्या आसपास फेरे होतात. ट्रॅक्टरची स्वतःची टायरवर वर-खाली व्हायची लय पण सेकंदाला दोन-तीनच्याच घरात असते. टायर जरा जरी अंडाकृती बसलेला असला तर दर फेऱ्याला एक धक्का, आणि तो धक्का नेमका लयीत पडला की झोक्याला वेळेवर ढकलल्यासारखं होतं, प्रत्येक वेळी उडी थोडी मोठी.

म्हणून पहिलं हे सांगा की उड्या एका ठराविक स्पीडलाच होतात का, आणि ३-४ किलोमीटर वर किंवा खाली केलं की थांबतात का? तसं असेल तर मागचं चाक जॅकवर उचला, टायरच्या बटनाजवळ (वर आलेल्या रबरी नक्षीजवळ) एक वीट उभी ठेवा आणि चाक हातानं फिरवून फट बघत जा. फट कमी-जास्त होते का ते डोळ्यालाच दिसतं. अजून सोपं म्हणजे टायरच्या साइडला रिमजवळ एक बारीक गोल रेघ असते, ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला रेघ रिममध्ये बुडाली असेल तर टायर नीट बसलेलाच नाही, हवा पूर्ण सोडून, साबणाचं पाणी लावून परत बसवा.

हवेचं म्हणाल तर वावरात चालवताना लोक १२ पीएसआय ठेवतात आणि तीच हवा घेऊन भरलेला टँकर ओढतात. तेवढ्या हवेत तेवढं वजन आलं की टायर दबतो, साइडा फुगतात आणि ट्रॅक्टर डोलायला लागतं. टायर कंपनीच्या तक्त्यात वजनासमोर प्रेशर दिलेलं असतं, ते बघून दोन्ही चाकात सारखं ठेवा, आणि गेजनं मोजा, लाथ मारून नाही. जास्त भरलं की बरं असंही नाही, दगडासारखा टायर झाला की उडी अजून कडक लागते.

टायरात पाणी मात्र भरू नका. ते नांगरटीत चाक स्लिप होऊ नये म्हणून असतं. व्हॉल्व्ह वर ठेवून भरलं की पाऊण टायर पाण्याचा, हवेला जागा उरते पाव, आणि हवा जेवढी कमी तेवढी स्प्रिंग कडक. रोडवर त्याचा फायदा काहीच नाही, वरून मागच्याच चाकावर वजन वाढलं.

संत्रावाला (वरूड)

हवापाणी भाऊ, २२ ते २५ च्या मदातच होते. १८ नं चाललो तं हलते पन उड्या मारत नाई. टायरची रेघ पाह्यली, दोन्ही बाजूनं सारखीच हाय. हवा १४ होती. अन एक गोष्ट सांगाची राह्यली, टँकर अर्धा रिकामा करून दुसऱ्या वावरात नेला तं भरलेल्यापेक्षा जास्त उड्या मारते. वजन कमी झाल्यावर जास्त कायले माराव?

सकाळी पयल्या खेपेले पन जरा जास्त वाटते, तो मनाचा भ्रम असन.

हवापाणी (हिंगणघाट)

भ्रम नाही. नायलॉनचे टायर आहेत ना, रात्रभर भरलेला टँकर लावून एका जागी उभं ठेवलं की खालची बाजू चपटी बसते, टायर गरम झाला की आपोआप गोल होतो. रात्री टँकर रिकामा ठेवा, नाहीतर सोडून ठेवा.

अर्ध्या टँकरचं उत्तर माझ्याकडून नाही, ते पत्र्याचं काम करणाऱ्याकडून घ्या.

पिकअपवाला (चिखली)

टँकरला पाटे आहेत का? मी पिकअपमधी माल भरतो, मागून लय डोलायची, एक-एक पाटा वाढवला तर गाडी बसायची थांबली. तुम्हीपण टँकरच्या एक्सलखाली पाटे टाकून घ्या, निम्मा धक्का तिथंच मरतो.

वेल्डिंगवाला (वणी)

आता मी बोलतो, मी ट्रॉल्या अन टँकर बनवतो म्हनून मले शिव्या द्या लागन तं द्या.

पयले पिकअपवाल्या भाऊले. पाटा वाढवल्यानं गाडी बसत नाई, वजन झेलते, पन उडी थांबवनं हे पाट्याचं कामच नाई, ते शॉकअपचं. पाट्यावर पाटा घासते त्यानं थोडी जिरते तेवढीच. अन इथं उड्या ट्रॅक्टर मारून राह्यलं, टँकरखाली पाटे टाकून टँकराले आराम, ट्रॅक्टराले काय? वरून टँकर चार-सहा इंच उंच होते, वळनावर तेवढाच जास्त कलंडाले पाहाते. पाटे वाईट हायत असं म्हनत नाई, टाकीचे जोड तडकत नाई त्यानं, पन हा रोग तो नाई.

संत्रावाला भाऊ, तुमच्या टँकरात दोन गोष्टी पाहा. पयली, टाकीत उतरून पाहा का पान्याचं हलनं अडवनाऱ्या आडव्या पाट्या हायत का नाई. बहुतेक नसन. स्वस्तात टँकर देतो म्हननारे पयले त्याच काढतात, बाहेरून दिसतच नाई तं कोन इचारते. पूर्न भरलेल्या टाकीत पान्याले हलाले जागा नसते. अर्ध्या टाकीत अडीच हजार लिटर म्हंजे अडीच टन पानी मागून पुढं अन पुढून मागं पयते, पुढं आलं का हुक खाली दाबते, मागं गेलं का हुक वर उचलते. तेच तुमचं ब्रेक मारल्यावर ढुसनी देनं हाय. वजन कमी असून उड्या जास्त कायले, त्याचं कारन हे.

दुसरी गोष्ट, एक्सल कुठं लावला. दोन चाकी टँकराचं थोडं वजन हुकावर याच लागते, पन एक्सल जास्त मागं लावला तं हुकावर भलतंच वजन येते. ते वजन ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्याबी मागं लटकते, त्यानं पुढचं तोंड वर उचलल्या जाते. म्हनून स्टिअरिंग हलकं. आता हे अंदाजानं बोलू नका, जिनिंगवर नाईतं बाजार समितीत काटा असन तिथं जा. ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, एकदा टँकर सोडून, एकदा भरलेला टँकर लावून. मंग पुरं ट्रॅक्टर एकटंच तोला. अन मागच्या एक्सलपासून हुकाची पिन किती लांब हाय अन पुढच्या-मागच्या एक्सलमदी अंतर किती हाय, ते टेपनं मोजून इथं टाका.

काटोलकर (सध्या कॅनडा)

हा धागा वाचून मजा वाटली कारण इकडं हाच विषय रोजचा आहे, फक्त ट्रॅक्टरच्या जागी पिकअप आणि टँकरच्या जागी चाकावरचं घर. तीन-चार टनाचा कॅम्पर लावून लोक सुट्टीला निघतात आणि काँक्रीटच्या हायवेवर सांध्यावरून सांध्यावर पिकअप अशीच पुढं-मागं डोलत जाते. आपल्याकडं सांधे नाहीत पण काळ्या मातीवरचे रोड आहेत, पावसाळ्यात माती फुगते उन्हाळ्यात आकसते आणि डांबराला लाटा पडतात, गाडीला दोन्ही सारखंच.

इथं नियम म्हणून धरतात की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकावर असावं. कमी असेल तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडं हलतो, जास्त असेल तर पिकअपचं नाक वर. मग त्यावर वजन वाटणारा हिच (जोडणीचा हुक) लावतात, त्याला स्प्रिंगचे दोन दांडे असतात, ते ताणून बसवले की हुकावरचं थोडं वजन पिकअपच्या पुढच्या एक्सलवर आणि थोडं ट्रेलरच्या एक्सलवर ढकललं जातं. त्यासोबत चांगले शॉकअप आणि टायरमध्ये त्या वजनाला लागते तेवढी हवा. एअर बॅग पण लावतात, पण त्या मागचा भाग उचलून धरतात, पुढच्या एक्सलचं गेलेलं वजन परत आणत नाहीत, हे खूप लोकांना पटत नाही.

आता कोणी म्हणेल मग ट्रॅक्टरला तसला हिच बनवून घेऊ. नका. तो बॉल हिच आणि सपाट रोडसाठी आहे. पांदणीत ट्रॅक्टर एका खड्ड्यात आणि टँकर दुसऱ्या उंचवट्यावर असताना ते दांडे काय करतील सांगता येत नाही. घ्यायचं ते एवढंच की आधी वजन बरोबर वाटून घ्यायचं, बाकीचा खर्च नंतर.

दर्यापूरचा

कॅनडात बसून पांदन रस्ता आठवते म्हंजे मानूस अजून आपलाच हाय.

संत्रावाला (वरूड)

काट्यावर जाऊन आलो. काटेवाला इचारे का अर्धंच ट्रॅक्टर कायले तोलून राह्यला.

नुसतं ट्रॅक्टर, पुरं - १९८० किलो
त्यातलं पुढच्या चाकावर - ७८० किलो
भरलेला टँकर लावल्यावर पुढच्या चाकावर - ४३० किलो
भरलेला टँकर एकटा - ६२०० किलोच्या जवळपास
मागच्या एक्सलपासून पिन ७५ सेंटीमीटर, दोन्ही एक्सलमदी १९५ सेंटीमीटर. हुकापासून टँकरच्या एक्सलपर्यंत ३२० सेंटीमीटर.

अन टाकीत वाकून पाह्यलं, आतमदी पाट्या नाईच. सफ्फा मोकळी. एक्सल यू-बोल्टनं चेसीले आवळला हाय, पाटे नाई.

वेल्डिंगवाला (वणी)

हे बेस काम केलं. आता पाहा.

पुढून ३५० किलो उचलल्या गेलं. ३५० ले १९५ नं गुनायचं अन ७५ नं भागायचं, ९१० किलो येते. एवढं वजन तुमच्या हुकावर उभं लटकून हाय. ६२०० च्या मानानं पंधरा टक्क्याच्या जवळ. काटोलकर भाऊच्या पिकअपले ते चालत असन, तिच्याकडं पाटे हायत, शॉकअप हायत. तुमच्या दोन टनाच्या ट्रॅक्टरले ते लय झालं. मागच्या दोन टायरवर आता १२०० मूळचं, ३५० पुढून आलेलं अन ९१० हुकाचं, म्हंजे अडीच टनाच्या आसपास. हवा भरताना तक्त्यात टायरमागं सव्वा टन धरजा.

पुढच्या एक्सलवर कमीत कमी किती पायजे, तं ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या २० टक्के हा बाहेर देशातल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला हिशोब हाय. तुमचं २० टक्के म्हंजे ३९६. तुम्ही ४३० वर हा, अन हे उभ्या उभ्या. चढावर ओढतानी अजून उचलल्या जाते, अन उडी मारते त्या टायमाले तं पुढं काईच उरत नसन. म्हनून रोडले टेकत नाई असं वाटते ते खरं हाय.

उपाय असा. एक्सल यू-बोल्टनं हाय हे तुमचं नशीब, कापाले लागत नाई. साधारन सात इंच पुढं सरकवा. हुकावरचं वजन ९०० वरून ५५०-६०० वर येते. त्याच्याहून जास्त पुढं नेऊ नका, कितीबी मोह झाला तरी. कारन अर्धा टँकर घेऊन चढावर लागले तं सगळं पानी मागच्या भिंतीले जाते, अन तवा हुकावर वजनच राह्यलं नाई तं टँकर ट्रॅक्टरचं बूड उचलते, मागची चाकं पकड सोडतात. ते उड्यापेक्षा वाईट.

पिकअपवाला (चिखली)

मग पुढं वजन लावायचं का नाही? दर्यापूरवाले भाऊ बरोबर होते का चूक?

वेल्डिंगवाला (वणी)

स्टिअरिंगसाठी बरोबर. पुढच्या एक्सलच्या दोन फूट समोर १०० किलो लटकवलं तं पुढच्या चाकावर १३० च्या आसपास येते, तराजूचाच हिशोब हाय. पन त्यानं उडी बंद होईनच असं नाई, कधी कधी उडी सावकाश होते पन मोठी होते. हुकावरचं ओझं तसंच ठेवून पुढं वजन लावत बसलं तं मधातली हाउसिंग अन पुढचा एक्सल दोन्हीकडून ताण खाते. पयले एक्सल सरकवा, मंग परत काट्यावर जा, अन तवाबी कमी वाटलं तं कंपनीची वजनं लावा. गोटे अन रेतीच्या बोऱ्या बांधू नका, रोडवर पडल्या तं मागच्या मोटरसायकलवाल्याचं काय?

अन हुक कुठं लावला ते सांगितलं नाई तुम्ही. खालच्या पक्क्या हुकाले लावा. लिफ्टच्या दोन आर्मच्या मदल्या छिद्राच्या पट्टीले अडकवत असान तं ते वर-खाली खेळते, उडीले अजून एक सांधा भेटला. अन वर टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या तिसऱ्या दांड्याच्या) जागी तं कधीच नाई, तिथून ओढलं तं ट्रॅक्टर मागं उलटते, त्यानं मानसं गेली हायत. पिन छिद्रात ढिली असन तं जाड टाका, खालून लॉक लावा.

संत्रावाला (वरूड)

हुक खालचाच हाय. पिन ढिली हाय, बदलतो. आता पाट्या कशा टाकाच्या ते सांगा, इथला वेल्डर म्हनते अख्खी पाटीच मारून देतो, तीन खन पाडतो, पानी हलनारच नाई.

वेल्डिंगवाला (वणी)

अख्खी मारू नका!! मंग मागच्या खनातलं पानी नळाले येईन कसं, अन भरतानी हवा निघन कुठून? दोन पाट्या पुरे, टाकीचे सारखे तीन भाग. प्रत्येक पाटीचा खालचा भाग तळाशी कापून मोकळा ठेवाचा, पानी अन गाळ निघून जाते. वर हवेले फट. अन मधात मानूस जाईन एवढं गोल भोक, कारन कधी ना कधी आतून घासा लागन, गंज पाहा लागन. भोकाच्या कडा घासून घ्या नाईतं पाठ सोलून निघते. या आडव्या पाट्यायनं पुढं-मागं पयनं थांबते, डाव्या-उजव्या बाजूचं हलनं राह्यतेच, म्हनून अर्ध्या टँकरनं वळन हळूच घ्या.

अन हे महत्त्वाचं. वेल्डिंगच्या टायमाले टँकर ट्रॅक्टरपासून सोडून ठेवा. त्या टाकीत कधी फवारनीचं औषध कालवलं असन तं पयले दोन-तीनदा धुवून काढा. आतमदी रंग असन तं जळून धूर होते, झाकन उघडं अन फॅन लावून ठेवा, अन आत मानूस असतानी बाहेर एक जन उभा पायजेच, मोबाइलवर नाई, भोकाजवळ.

हवापाणी (हिंगणघाट)

एक्सल सरकवला की टँकरच्या टायरवरचं वजन वाढेल, तिथली हवापण परत बघा. ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा त्यात कितीतरी जास्त लागते, टायरवरच लिहिलेलं असतं. आणि सरकवताना दोन्ही बाजूला हुकाच्या पिनपासून एक्सलच्या टोकापर्यंत टेप लावून सारखं अंतर घ्या, अर्धा इंच फरक पडला तरी टँकर तिरपा चालतो आणि टायर एका बाजूनं खाऊन टाकतो.

दर्यापूरचा

अन ब्रेकच्या दोन पायट्या रोडवर जोडून ठेवत जाय. वावरात वळाले सोडलेली पट्टी तशीच राह्यते, रोडवर एकीवरच पाय पडला तं टँकरासकट आडवं होशीन. उताराले न्यूट्रल करू नको, ज्या गिअरनं चढलं त्याच गिअरनं उतर.

१५ नं चाल हे माया म्हननं अजून कायम हाय.

संत्रावाला (वरूड)

पाट्या अन एक्सल दोन्ही एकाच टायमाले करून घेतो, वेल्डरले हा धागाच दाखवतो म्हंजे अख्खी पाटी मारनार नाई. एक्सल सरकवल्यावर परत काट्यावर नेतो अन आकडे टाकतो. तोवर १८ च्या वर नाई. वेल्डिंगवाले भाऊ, पाटीले किती एमएमचा पत्रा?

वेल्डिंगवाला (वणी)

टाकीचा जेवढा हाय तेवढाच, पातळ नको. तुमची टाकी ३ एमएमची असन बहुतेक, तं पाटी ३ चीच. अन नुसती सपाट पाटी नाई, कड दुमडून घ्या, पान्याच्या धक्क्यानं वाकत नाई.